रखमाजींच्या फडातली बैठक

"मला हुडकून काढणारा अजून जन्माला यायचाय!" शनिवारी दुपारी मुनीरच्या ट्रॅक्टरवर चढताना भुजंगने छाती ठोकली. "अशी जागा काढलीय, की यमाला माझं वॉरंट घेऊन धाडलं तरी तो पत्ता इचारायला माझ्याकडंच येईल!"

"आन् तू देशील बी पत्ता," मडगार्डवर टेकलेला बद्रीनाथ म्हणाला. "हप्ताभर तेच तर करून राह्यलास. ज्यानं इचारलं त्याला तोडीची तारीख!"

बद्रीनाथ साखर कारखान्याच्या बॉयलरवर कामाला. जन्मभर आगीसमोर उभं राहून त्याच्या भुवया गेलेल्या, त्यामुळे तो कायम दचकल्यासारखा दिसायचा. मुनीर शहागडचा, ह्याच कारखान्याला ऊस वाहायचा. दारूच्या थेंबाला तो शिवत नसे, पण दारूसोबत जे जे खातात त्याला त्याने कधी नाही म्हटलं नाही. आणि भुजंग? भुजंग कारखान्याचा चिटबॉय.

हुद्द्यात बॉय, वय चाळिशीपार! कुणाचा ऊस कधी तोडायचा, तोडणीची टोळी कुठल्या फडात घालायची, हे शेतकऱ्याला सांगणारा माणूस म्हणजे चिटबॉय. सांगणारा हं, ठरवणारा नव्हे! ठरवायचे संचालक. त्यांनी बंगल्यात बसून आपल्या सोयऱ्याधायऱ्यांची तोड आधी लावायची आणि बांधावर उभं राहून शिव्या भुजंगने खायच्या. ही सहकारातली वाटणी. त्यांच्या वाट्याला मोटार, ह्याच्या वाट्याला मायबहीण!

त्या साली तर ऊस मायंदळ झालेला. नव्वदच्या आगेमागेचा हंगाम. त्यात त्या आठवड्यात ऊस आत ओढणारी गव्हाण बंद पडली, गाड्यांची रांग हायवेपर्यंत गेली, आणि वाळत्या उसाचे मालक भुजंगच्या मागे गोचिडासारखे लागले. एक जण त्याच्या ओसरीवर मुक्कामाला आला. एकाने न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना त्याला उचलून नेलं. भुजंग सकाळी परसाकडे बसला तर बाभळीमागून आवाज आला, "सायेब, होऊ द्या निवांत! मी थांबतो हितंच!"

ढाब्यावर बसायची सोय नव्हती. मागल्या शनिवारी बसला होता, तर वेटरच वाकून म्हणाला, "पापड तळून देऊ का भाजून? आन् आमच्या दीड एकराचं कसं करता?"

म्हणून ही जागा. मुनीरने गिअर टाकला आणि विचारलं, "पर जगा कुठं हाय?"

"रखमाजीआबाचा फड!"

बद्रीनाथच्या नसलेल्या भुवया आणखी वर गेल्या. "भुजंग्या, डोकं ठिकाणावर हाय का? संचालकाच्या रानात बसून पिणार?"

त्याचं भिणं खोटं नव्हतं. भुजंग सोळा हंगाम हंगामीच होता. सोमवारी संचालकांच्या बैठकीत त्याला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं आणि तो शब्द रखमाजींच्या हातात होता. रखमाजी तांदळासारखा पांढरा माणूस. टोपी पांढरी, धोतर पांढरं, मिशी पांढरी. आतलं कुणी पाहिलेलं नाही! दारूचा त्यांना एवढा तिटकारा, की वास आला म्हणून दोघांना त्यांनी कामावरून काढायला लावलेलं. त्यातला एक बिचारा खोकल्याचं औषध प्यालेला.

"सोमवारलोक कळ काढ," बद्रीनाथ म्हणाला.

"सोमवारलोक जगलो पायजे ना!" भुजंग ओरडला. "अरे, त्या फडाकडं कोणी फिरकत न्हाई. त्याची तोड संक्रांतीनंतर. तारीख मीच लिवलीय. आबा सभेत सांगतो ना, माझा ऊस समद्यात शेवटी म्हणून? मंग शेवटीच! जल्दी चल!"

रखमाजी सभेत असं सांगायचे खरं. आणि घरी येऊन ऊस वाळतो म्हणून बायकोवर तणतणायचे, हेही खरं.

नदीच्या बाजूने बांधाला ट्रॅक्टर लावून तिघे फडात शिरले. उसाच्या पोटात तुम्ही कधी गेलात का? बाहेरून तो नुसता हिरवा कोट दिसतो. आत दुसरीच दुनिया. मागच्या वादळात मधला ऊस लोळला होता, बाजूचा त्याच्यावर वाकला होता आणि मधोमध एक खोलीच तयार झालेली. वर हिरवी कमान, खाली पाचटाची गादी, हवा माठातल्यासारखी गार. मुनीरने रमची बाटली, उकडलेली अंडी, फुटाणे, कांदा, सोडा असं सगळं पंचावर मांडलं. पहिला घोट भुजंगच्या नरड्याखाली उतरला आणि कानाला चिकटलेले त्याचे खांदे आठवडाभरात पहिल्यांदा जागेवर आले.

"ऐका!" तो एकदम म्हणाला.

"काय?"

"कोणीच बोलून राह्यलं न्हाई!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोणी 'सायेब' म्हणून न्हाई राह्यलं रे!"

दुसऱ्या घोटाला त्याने संचालक मंडळाला नावानिशी शिव्या दिल्या. तिसऱ्याला शेतकी अधिकाऱ्याला. चौथ्याला बद्रीनाथने बॉयलरची आई काढली. मुनीर अंडी सोलत होता आणि प्रत्येक शिवीला "बराबर!" म्हणत होता. असं हलकं वाटत होतं, की तिघे जण उसाच्या पात्यांवरून तरंगत गोदावरी ओलांडतील की काय!

लांबून खस् खस् आवाज येत होता.

"तोड चाललीय कुठंतरी," बद्रीनाथ म्हणाला.

"पलीकडच्या फडात!" भुजंगने हात उडवला. "मला नको शिकवू. गोदाकाठातला प्रत्येक कोयता मला आवाजावरून वळखू येतो."

एवढ्यात पंचाच्या कडेला ससा येऊन बसला.

ससा! मिशा थरथरत होत्या, कान मागे टेकलेले. माणसं पाहून तो पळाला नाही. बसला, आणि फुटाण्यांकडे बघत राहिला. मग तित्तराची जोडी आली आणि अंग चोरून बद्रीनाथच्या चपलेला टेकली. मग मुंगूस. आणि मग उसाची पाती बाजूला झाली आणि कोल्हा आला. उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा इकडे तिकडे बघत आला आणि सशाच्या शेजारी, हातभर अंतरावर बसला. सशाने त्याच्याकडे पाहिलं. कोल्ह्याने सशाकडे पाहिलं. दोघांनी समोर बघायला सुरुवात केली.

भुजंगने हातातला पेला उजेडाला धरून पाहिला.

"बद्री," तो हळूच म्हणाला, "तुला काय दिसून राह्यलं?"

"मला? मला काही न्हाई दिसत. तुला?"

"मला बी काही न्हाई."

दोघे टक लावून ते 'काही नाही' बघत बसले. चढली असं आधी कबूल कोण करणार?

"मी तर सोडा पिलोय," मुनीर तोंडात अंडं तसंच ठेवून म्हणाला. "मला ससा दिसतो, कोल्हा दिसतो. आन् तुमच्या पाठीमागं जे हाय ना, ते मी सांगनार न्हाई. हलू नका फक्त!"

भुजंगने सावकाश मान वळवली. पाठीमागे रानडुकरीण उभी होती, म्हशीच्या रेडकाएवढी! पोटाखाली पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. ती भुजंगच्या डोळ्यात डोळा घालून उभी राहिली. मग तिने मोठा उसासा टाकला आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. तिचा ऊबदार भाता त्याला बरगड्यांत जाणवत होता. एक धामण दोरीसारखी सरसरत आली आणि पंचाला वळसा घालून, कुणाला त्रास नको अशा बेताने, कडेला वेटोळं करून पडली. वर कमानीवर मोर येऊन बसला.

कुणी कुणाला खात नव्हतं. कुणी कुणाला भीत नव्हतं. सगळ्यांच्या छात्या मात्र एकसारख्या उडत होत्या.

भुजंगने सोळा हंगाम ऊस पाहिला होता. मोजला होता, टनावर लावला होता, त्याच्या पायी शिव्या खाल्ल्या होत्या. त्या उसात एवढं घरदार नांदत असेल हे त्याला कधी सुचलंही नव्हतं. ससा सरकत सरकत त्याच्या मांडीला लागला. भुजंगने एक बोट त्याच्या पाठीवर ठेवलं. बोटाखाली एवढंसं काळीज धडधडत होतं. त्याने पेला खाली ठेवला. देवळात गेल्यावर हात आपोआप जुळतात तसे त्याचे जुळले.

"या अल्ला," मुनीर पुटपुटला.

"इठ्ठला," बद्रीनाथ म्हणाला.

आणि खस् खस् खस्! आता तो आवाज पलीकडच्या फडातून येत नव्हता. तो उजवीकडून येत होता. डावीकडूनही. समोरूनही! हिरव्या भिंतीतून उन्हाच्या तिरिपी आत यायला लागल्या होत्या. कोयता आवाजावरून ओळखणाऱ्या भुजंगला तेव्हा कुठे उमगलं. तोड ह्याच फडात चालली होती. सकाळपासून! चहूबाजूंनी ऊस पडत होता, आणि उरलेल्या शेवटच्या बेटात फडातलं सगळं जनावर येऊन कोंडलं होतं. त्या जनावरांत तीन माणसं.

"पर तारीख तर तूच लिवली ना?" बद्रीनाथचा आवाज चिरकला.

आणि भुजंगला शुक्रवार आठवला. सभोवती शेतकऱ्यांचं कडं, एकाच्या हातात ह्याची कॉलर, आणि गर्दीतून मान काढून कचरू मुकादम विचारत होता, "सायेब, आमच्या टोळ्या रिकाम्या बसल्यात. रखमाजीआबाचा घालू का? आमच्या राहत्या कोप्यांच्या जवळच हाय." आणि भुजंग किंचाळला होता, "घाल! कोणाचाबी घाल! माझं मुंडकं बी घाल गव्हाणीत!"

कचरू आज्ञाधारक माणूस. संचालकाचा फड म्हणून त्याने तीन टोळ्या एकदम घातल्या होत्या!

भुजंग रांगत बेटाच्या कडेला गेला, पाती बाजूला केली आणि जागच्या जागी गोठला. चारी अंगाला मोकळं रान. कोयते, मोळ्या, गाड्या. बांधावर बाजेवर पांढरेशुभ्र रखमाजी. शेजारी ताटात नारळ घेऊन उभ्या त्यांच्या पत्नी मालनबाई. आणि अर्धं गाव काठ्या आणि कुत्री घेऊन बेटाभोवती जमलेलं. कारण ऊस तुटत आला की शेवटच्या तुकड्यात शिकार असते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक.

आणि रखमाजी बोलत होते.

"मी चकार शब्द बोललो न्हाई हं! माझा ऊस शेवटीच न्या म्हणलो होतो. पर भुजंगरावानं आपल्या मनानं तोड दिली. न मागता! ह्या जमान्यात असा माणूस? ना पान, ना बिडी, ना बाटली! परवा बैठकीत कायम करतो का न्हाई बघा. फड संपल्याचा नारळ मी त्याच्याच हातानं फोडणार. धाडा रे कोणाला तरी, हुडका त्या साधूपुरुषाला!"

साधूपुरुष रांगतच मागे आला. त्याने सांगितलं ते ऐकून बद्रीनाथने उरलेली बाटली तोंडाला लावली, पुरावा नष्ट करायला! मुनीरला काळजी वेगळीच. "अरे, माझ्या ट्रॅक्टरचं काय?"

"भरून राह्यले," भुजंग म्हणाला. "त्यांना वाटलं, तू ऊस न्यायला आलास."

बेट लहान होत होत लग्नातल्या मांडवाएवढं झालं, मग चुलीपुढच्या जागेएवढं. जनावरं अंगाला अंग भिडवून बसली. कोल्ह्याचं शेपूट मुनीरच्या मांडीवर. कोयते थांबले. बाहेर एकदम सामसूम झाली.

"सायेब न्हाई भेटले कुठं," कुणीतरी म्हणालं.

"आत डुक्कर हाय मोठं!" कचरूचा आवाज. "घुरघुर आयकू येते बघा." ती घुरघुर बद्रीनाथची होती. बाटली संपवून तो डुकरिणीला टेकून झोपला होता. "आत जायला नको, फाडील. पाचट पेटवा एका अंगानं. आपसूक निघतंय भाईर!"

"पेटवा!"

काडी ओढल्याचा आवाज भुजंगने ऐकला. मांडीपाशी ससा लाकडासारखा ताठ झाला. आता नोकरी राहते का जाते, हा हिशोब करायला वेळच नव्हता. भुजंग दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि जीव तोडून ओरडला,

"मारू नका! मारू नका रे!"

तो आपल्या जिवासाठी ओरडला होता, हे मी तुम्हाला सांगतो. बाहेरच्यांना कोण सांगणार?

त्यांनी काय पाहिलं? उसाचं शेवटचं बेट दुभंगलं आणि दोन्ही हात आभाळाकडे केलेला, डोळे लाल झालेला, अंगभर पाचट चिकटलेला भुजंग बाहेर आला. त्याच्या पायाला लागून ससा. पुढे कोल्हा, कुत्र्यासारखा मुकाट. मागून डुकरीण आणि तिची पट्टेदार पलटण. बाजूने धामण. डोक्यावरून मोर आभाळात चढला आणि त्याचा पिसारा उन्हात असा पेटला, की बायकांच्या तोंडून एकदम "आई गं!" निघालं. गावची कुत्री भुंकायची विसरली. पेटती काडी एकाच्या बोटापर्यंत जळत आली तरी त्याला कळलं नाही. शेवटी मुनीर आला, घाबरून तोंडाने दुवा म्हणत. आणि त्याच्यामागून बद्रीनाथ. त्याला उभं राहता येत नव्हतं म्हणून तो लोटांगण घालतच आला.

जनावरं गर्दीतून सरळ चालत गेली आणि नदीकाठच्या बेशरमीच्या झुडपांत दिसेनाशी झाली. एकही काठी उठली नाही. आधी कचरूने हातातली काठी टाकली. मग सगळ्यांनी.

"म्हणून सापडत न्हवता!" रखमाजी बाजेवरून उठून धावत आले. "मुक्या जीवांसाठी आत जाऊन बसला होता! आपल्या जिवाची आहुती द्यायला!" आणि त्यांनी ती पांढरीधोप टोपी भुजंगच्या पायावर ठेवली.

"आबा, उठा, जवळ येऊ नका!" भुजंग श्वास रोखून मागे सरकला.

"शिवून बी घेत न्हाई बघा!" रखमाजी लोकांना म्हणाले. मग त्यांनी नाक वर केलं. "आन् वास बघा कसा येतोय. समाधीतल्या माणसाच्या अंगाला येतो म्हणतात, त्यो हाच!"

आता एवढ्यावर मी काय बोलू? माणसाला पाया पडायचंच असलं, की त्याचं नाक आपोआप बंद होतं. आपल्याकडचे कित्येक बंगले आणि मठ ह्याच एका गुणावर उभे आहेत!

मालनबाई मात्र नारळाचं ताट घेऊन बेटाला हळदकुंकू वाहायला आत गेल्या. गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा पदराखाली काहीतरी लपवलेलं होतं आणि चेहरा अगदी गंभीर. भुजंगच्या हातावर प्रसाद ठेवताना त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "बाटली हिरीत टाकते. अंड्याची टरफलं पुरलीत. लिंबू चोखा महाराज, आन् त्या लोळणाऱ्या भगताला घरी न्या आधी!"

रविवारी भुजंगच्या दारात पार लांबच्या पिंपळगाव रेणुकाईपर्यंतची माणसं आली. बायकोने चहा करून करून चूल विझू दिली नाही. आणि भुजंग खुशीत होता. काही का असेना, सोमवारी कायम! रखमाजीच पायावर पडले म्हटल्यावर कोण आडवं येणार?

सोमवारी त्याला बैठकीत बोलावलं. आत शिरताच सगळे संचालक उठून उभे राहिले. सोळा हंगामांत ज्यांनी कधी त्याला बस म्हटलं नव्हतं, ते! रखमाजींनी हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली.

"अशा माणसाला आपण चिठ्ठ्या वाटायला लावलं, हे पाप हाय. त्याला कायम करून आपण ते पाप कायम करणार का? बिलकुल न्हाई! माझी सूचना अशी, की भुजंग महाराजांना कारखान्याच्या बंधनातून आजच मोकळं करावं."

टाळ्या! टेबलं वाजली!

"आबा!" भुजंगचा आवाज फुटला. "काय करून राह्यले? मला दोन पोरी हायेत! मला नोकरी पायजे!"

"परीक्षा घेऊन राह्यले आपली," रखमाजी बाकीच्यांना म्हणाले.

मग भुजंगने लाज सोडली. त्या गालिच्यावर, त्या फोटोंखाली उभं राहून त्याने आयुष्यात पहिल्यांदा संचालक मंडळाला खरं सांगितलं. "मी पिलो होतो! तुमच्या फडात बसून रम पिलो होतो! मी, बद्री आन् बाटली! तुमच्या कटकटीला कटाळून पिलो होतो! 'मारू नका' म्हणलो ते माझ्यासाठी! जनावरं मेली असती तर मला काय!"

हे शेवटचं मात्र त्याच्या तोंडून नीट निघालं नाही. बोटाखालचं ते धडधडणं आठवलं, आणि खोटं बोलणाऱ्या माणसासारखा तो अडखळला.

रखमाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघा," ते म्हणाले, "लोकांचं पाप आपल्या अंगावर घेतो! कुठं पाह्यला होता असा माणूस?"

आणि सगळं संचालक मंडळ एकामागून एक रांगेने येऊन त्याच्या पाया पडलं.

मंगळवारी त्या रिकाम्या जागेवर रखमाजींचा भाचा लागला. कायम!